टेंभुर्णीचा पारा उतरतो

“नव्वद टक्के कसले, साहेब? शंभर लिहून ठेवा. अख्खं टेंभुर्णी रांगेत उभं करतो!”

भालचंद्र देऊळगावकरने हे वाक्य नवीन जालन्याच्या आरोग्य कचेरीत, डॉक्टर शरदचंद्रांच्या टेबलासमोर उभं राहून असं काही ठणकावलं, की पलीकडच्या खोलीतल्या कारकुनाच्या हातून टाक पडला. डॉक्टरांनी कानात बोट घालून हलवलं.

“हळू रे बाबा. मी इथंच बसलोय.”

साल सत्तावन्नचं. पटकी आली, देवी आली, की सरकार माणसं मोजायचं. पण जे आजार अंगात शिरतात आणि वीस-वीस वर्षं हलत नाहीत, त्यांची मोजदाद कुणी करतच नव्हतं. ती करायचं दिल्लीच्या मनात आलं. देशभरातून काही गावं निवडली. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा, ज्याचा जास्त असेल त्याला मीठ कमी कर, तंबाखू सोड, चाल, चिडू नको असं सांगायचं, आणि दहा आठवड्यांनी पुन्हा मोजून किती जणांचा उतरला ते दिल्लीला कळवायचं. आपल्या भागातून नाव निघालं टेंभुर्णीचं. दंडाला पट्टा बांधून मोजायची माणसं दोनशे तीन.

“नव्वद टक्के आण,” डॉक्टर म्हणाले, “आणि दुसऱ्या मोजणीत थोडातरी फरक दाखव. तुला कायम करायची शिफारस मी स्वतः दिल्लीपर्यंत रेटतो.”

कायम! हा शब्द ऐकला की भालचंद्रच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. तीन वर्षं तो हंगामी आरोग्य सहाय्यक होता. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद यायचा, आणि तो येईपर्यंत त्याची बायको शरयू शेजारणीशीसुद्धा मोजकं बोलायची. नोकरी गेली तर कुणाच्या प्रश्नांना तोंड द्यायला नको म्हणून! चौतिसाव्या वर्षी माणसाला दुसरं काय हवं असतं? त्याला तो एक कागद हवा होता, ज्यावर मुदत लिहिलेली नसेल.

आता त्याच्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यानेच घडवलं. या नोकरीआधी भालचंद्र पाच वर्षं जालन्याच्या मोंढ्यात, एका अडत्याकडे कापसाची हर्राशी पुकारायला होता. बोली लागली की ती मोंढ्याच्या पार टोकाला बसलेल्या गाडीवानाला ऐकू गेली पाहिजे, हा त्याचा धर्म. नोकरी बदलली, पण आकडा दिसला की पुकारायचा, ही खोड घशातच राहिली.

टेंभुर्णीच्या चावडीत त्याने पाऱ्याची पेटी मांडली, दंडाचा पट्टा झटकला, रबरी फुगा दाबून पाहिला. दुपारपर्यंत एक कुत्रं आलं आणि एक म्हातारा आला. म्हाताऱ्याने विचारलं, “टोचून राह्यले का?” भालचंद्र नाही म्हणाला, तरी तो मागच्या मागे गेला.

मग पोलीस पाटील भुजंगराव आले. गावात सरकारी काही आलं की पहिला मान आपला, या हिशोबाने ते आले, खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. भालचंद्रने फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या, पाऱ्यावर नजर ठेवली. रक्तदाबाचे दोन आकडे असतात. खालचा त्याने मुकाट्याने लिहिला. वरचा मात्र त्याच्या तोंडून सुटला.

“भुजंगराव पाटील… एकशे बावन्न!”

चावडीच्या कट्ट्यावर दहा-पंधरा माणसं तंबाखू चोळत बसली होती. ती दरसाल कापसाच्या गाड्या घेऊन जालन्याच्या मोंढ्यात जायची. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता, आणि या आवाजातल्या आकड्याबद्दल त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती: जितका मोठा तितका माल चांगला.

“एकशे बावन्न लागली,” एक जण समाधानाने म्हणाला. “मंग? पाटीलच हायेत ते.”

ही बातमी माली पाटील मच्छिंद्ररावांच्या घरी पोचायला चिलीम भरायचासुद्धा वेळ लागला नाही. भुजंगरावांकडे गावचा बंदोबस्त, मच्छिंद्ररावांकडे सारावसुली. दोघं एकाच आडनावाचे, एकाच पणज्याचे, आणि तीन पिढ्या एकमेकांचं तोंड न बघणारे. मच्छिंद्रराव भरल्या ताटावरून उठून आले. भर दुपारी ताडताड चालत आले होते, वर मनात राग.

“मच्छिंद्रराव पाटील… एकशे अठ्ठावन्न!”

कट्ट्यावर कुणीतरी शीळ घातली. भुजंगराव खुर्चीच्या पाठीला हात टेकून तिथंच उभे होते. त्यांचं तोंड उतरलं.

त्या संध्याकाळपासून चावडीला जत्रेचं रूप आलं. दोन्ही पाटलांनी हात दिला म्हटल्यावर मागं कोण राहील? पाटलांच्या बायका आल्या, सुतार आला, गुरव आला. भालचंद्र पुकारत होता, कट्टा दाद देत होता. एकशे सोळा लागलेला गुरव बिचारा मान खाली घालून घरी गेला. सगळ्यात शेवटी सोनूबाई आली. पासष्टीची विधवा, तीन एकर कोरडवाहू आणि एका शिंगाचा एक बैल, एवढा तिचा संसार. तिचा आकडा एकशे बारा निघाला, तेव्हा तर कट्ट्यावरचे लोक कीव येऊन चुकचुकले.

पाच दिवसांत दोनशे तीनपैकी दोनशे तीन! भालचंद्रने शरयूला कार्ड टाकलं, “कायम झाल्यातच जमा समज.” खरंच, त्याला त्या दिवशी चावडीच्या छपरावर चढून नाचावंसं वाटत होतं.

आणि सहाव्या दिवशी भुजंगराव पुन्हा आले.

“साहेब, आमचं पुन्हा मोजा.”

पुन्हा मोजलं. एकशे चौसष्ट. भुजंगराव मिशीला पीळ देऊन गेले. तासाभराने मच्छिंद्रराव हजर. एकशे सत्तर. भालचंद्रला गहिवरून आलं. तब्येतीची एवढी काळजी घेणारं गाव त्याने आजवर पाहिलं नव्हतं! त्याने मीठ कमी करा, तंबाखू सोडा, असं सांगितलं. दोघांनीही आपापल्या वेळी मन लावून ऐकून घेतलं आणि जाताना मच्छिंद्ररावांनी विचारलं, “म्हंजे मिठानं वाढतो म्हंता?”

“मिठानं तर फार वाढतो.”

“बराबर,” मच्छिंद्रराव म्हणाले आणि घाईने निघून गेले.

काय चाललंय ते भालचंद्रला कळलं आठवड्याने, भुजंगरावांच्या पत्नी नंदाबाई तणतणत चावडीत आल्या तेव्हा.

“साहेब, तुमच्या त्या पेटीनं माझ्या घरात काय करून ठेवलंय, येऊन बगा जरा. सकाळी उठले की कैरीच्या लोणच्याचा खार पेल्यानं पितेत. मंग मारुतीच्या पाराला पळत फेऱ्या मारतेत. आन तुमच्याकडं यायच्या आधी माझ्यासंगं भांडण उकरून काढतेत. म्हंतेत, बोल कायतरी, पारा चढू दे!”

“पण का?”

“पोळ्यासाठी!”

मग सगळा उलगडा झाला. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जायचा, हा दोन पाटलांचा तीन पिढ्यांचा झगडा. मागच्या साली दोघांचे बैल वेशीत दिवेलागणीपर्यंत अडून राहिले होते आणि घरोघर पुरणपोळ्या थिजल्या होत्या. यंदा गावाने बसून ठरवलं की भांडण नको, सरकारी आकडा आलाच आहे. पोळ्याच्या दिवशी शेवटची मोजणी, ज्याची बोली मोठी त्याचा बैल पहिला!

“काल नाकातून रगत आल्तं त्यांच्या,” नंदाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “अन मला म्हंले, कुणाला सांगू नको, आकडा कमी व्हईल. मला लई भ्या वाटून राह्यलं, साहेब.”

भालचंद्रने पेटी उचलली आणि तडक भुजंगरावांचा वाडा गाठला. पारा एकशे शहाऐंशीवर थांबला. या वेळी मात्र तो पुकारला नाही. दहा आठवड्यांनी दिल्लीला काय कळवायचं? टेंभुर्णीला सल्ला दिला आणि गाव वरच्या वाटेला लागलं? आणि नोकरीचं राहू द्या, हा डोळ्यांसमोरचा जाडजूड माणूस एक दिवस लोणच्याच्या बरणीशेजारीच आडवा झाला तर?

त्याने दोन्ही पाटलांना आणि कट्ट्यावरच्या सगळ्यांना चावडीत गोळा केलं आणि जीव तोडून सांगितलं, की मोठा आकडा चांगला नसतो, वाईट असतो.

मच्छिंद्रराव हसले. “कापसाला जास्तीची बोली लागली तर वाईट म्हनायचं का?”

“हा कापूस नाही, पाटील. रक्त आहे.”

“भुजंगरावांनी शिकवलं ना तुमाला हे? त्यांचं घोडं अडलं म्हनून.”

“मी शिकवलं?” भुजंगराव उठले. “तुमीच शिकवलं असंल! माझा एकशे शहाऐंशी झाला आज, म्हनून पोटात दुखून राह्यलं!”

दोघांच्या कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या. भालचंद्रला त्या शिरांतून पारा वर जाताना दिसायला लागला. आता समजावून उपयोग नव्हता. त्याने पिशवीतून दिल्लीचं इंग्रजी सूचनापत्र काढलं. वर तीन सिंहांचा छाप होता. त्याने तो सगळ्यांना दाखवला आणि मोंढ्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजात पुकारा केला.

“दिल्लीचा हुकूम ऐका! दुसऱ्या मोजणीत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याचं नाव दिल्लीच्या वहीत पहिल्या पानावर! मोठ्या आकड्याचा माणूस शेवटच्या पानावर, फुल्या मारलेल्या रकान्यात!”

पहिल्या पानाचं त्याच्या पदरचं होतं. पण उतरलेल्यांचा रकाना वेगळा होता हे खरं, आणि तो पहिल्या पानावरच असणार अशी त्याने मनाची समजूत घातली. भुजंगराव हळूच खाली बसले. मच्छिंद्ररावांनी तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली.

“हे आधी सांगायचं न्हाई का, साहेब,” ते परत येऊन म्हणाले. “फुकट एवढा खार पिला.”

आणि टेंभुर्णी उलटी फिरली. गावाने पोळ्याचा ठराव तोच ठेवला, फक्त मोठ्याच्या जागी कमी घातलं. लगेच घराघरातून मीठ हद्दपार झालं. मच्छिंद्ररावांच्या पुष्पाबाईंनी मिठाचा डबा कुलपात घातला आणि किल्ली माहेरी पाठवून दिली. भुजंगरावांची घोडी तबेल्यात बसून सुस्तावली, कारण पाटील शेतावर पायी जाऊ लागले. दोन्ही घरची माणसं एकमेकांच्या चुलीवर नजर ठेवून होती. मच्छिंद्ररावांच्या अंगणात पापड वाळताना दिसला, तर भुजंगरावांचा गडी लगेच ओरडायचा, “खारं दिसून राह्यलं बरं का!”

पण खरी गंमत वेगळीच झाली. चिडलं की पारा चढतो, हे एकदा डोक्यात बसल्यावर दोघांना भांडताच येईना! समोरासमोर आले की एक म्हणायचा, “रामराम पाटील, झोप लागती का?” दुसरा म्हणायचा, “बिलकुल झ्याक. तुमी बांधाचं ते कायतरी म्हनत होता?” “राहू द्या की. हातभर जमिनीसाठी कशाला रक्त आटवायचं?” बावीस वर्षं कोर्टात पडलेला बांधाचा तंटा असा आषाढ संपायच्या आत मिटला, आणि जाफराबादचे दोन वकील हळहळले.

आता घरोघर अडचण एकच उरली. उन्हाळ्यात केलेले पापड, कुरडया, मिठातल्या मिरच्या, आणि नुकतंच घातलेलं कैरीचं लोणचं. घरात ठेवलं तर पुरुष चोरून खाणार. शेजारी द्यावं तर शेजाऱ्याचाही हात पट्ट्यात. आणि खायची वस्तू उकिरड्यावर टाकायला कुणाचं मन धजेना. मग नंदाबाईंना सुचलं. गावात असा एकच माणूस होता ज्याचा आकडा कुणी विचारत नव्हतं.

“साहेब, तुमीच ठेवा. परमुलखात एकले राहता. तोंडी लावायला व्हईल.”

आठ दिवसांत चावडीशेजारच्या खोलीत अकरा बरण्या झाल्या आणि पापडांचे तीन डबे. भालचंद्रला वाटलं, ही आपल्या कामाची पावती. नंदाबाईंच्या लोणच्यात मेथीचा वास होता, पुष्पाबाईंच्यात लसूण. कुणाचं सरस, हे ठरवायला तो दोन्ही वेळा दोन्ही घ्यायचा. अधूनमधून मान दुखायची. बरण्या उचलून उचलून दुखत असेल, असं म्हणून तो मानेला तेल चोळायचा.

पोळ्याच्या दिवशी सकाळी डॉक्टर शरदचंद्र जीप घेऊन आले. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण, समोर शंभर बैल, शिंगांना बेगड, अंगावर झुली, आणि मधोमध टेबलावर पाऱ्याची पेटी. डॉक्टरांनी इतकी मोठी हजेरी आजवर फक्त देवीच्या लशीपासून पळणाऱ्यांची पाहिली होती.

भालचंद्र पुकारू लागला. सुतार उतरला. गुरव, ज्याला हिणवलं होतं, तो एकशे सोळावरच होता आणि आता ताठ मानेने हिंडत होता. मग खुर्चीवर भुजंगराव बसले. गावाने श्वास रोखला.

“भुजंगराव पाटील… एकशे चौतीस!”

एकशे शहाऐंशीवरून! नंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मच्छिंद्रराव बसले. त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले.

“मच्छिंद्रराव पाटील… एकशे चौतीस!”

डॉक्टरांनी दोघांचं पुन्हा स्वतः मोजलं. तेच. लोकांत कुजबुज सुरू झाली, बैल डुरकले, आणि मागच्या सालच्या थिजलेल्या पुरणपोळ्या सगळ्यांना आठवल्या.

डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते कागद चाळत सहज म्हणाले, “सगळ्यात कमी? ही बघा ना, सोनूबाई. तेव्हा एकशे बारा, आजही एकशे बारा.”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. सोनूबाई आपल्या एका शिंगाच्या बैलाला धरून अगदी टोकाला उभी होती.

“मला कशाला बाबा,” ती म्हणाली. “माझ्या घरी मीठ जपूनच वापरावं लागतं.”

मच्छिंद्ररावांच्या दंडाला पट्टा अजून तसाच होता. त्यांचं तोंड लाल व्हायला लागलं. ते काही बोलणार, तोच भुजंगरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पाटील, पारा.”

मच्छिंद्ररावांनी पेटीकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि तो सावकाश सोडला. मग पट्टा काढला, गर्दीत वाट केली, आणि सोनूबाईच्या बैलाच्या एकुलत्या शिंगाला स्वतःच्या हाताने बेगड लावली. हलगी वाजली. एका शिंगाचा बैल तोरणाखालून पहिला गेला, सोनूबाई त्याच्या कासऱ्याला धरून रडत आणि हसत गेली, आणि मागून तीन पिढ्यांत पहिल्यांदा दोन्ही पाटलांचे बैल खांद्याला खांदा लावून वेशीतून पार झाले. पारा जास्त असलेल्यांपैकी बेचाळीस जणांचा उतरला होता! डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाले, “भालचंद्र, दिल्लीला असा कागद दुसऱ्या कुठल्या गावाहून गेला तर माझं नाव बदलीन.”

आणि त्यांनी कोटाच्या खिशातून एक लिफाफा काढला. भालचंद्रने तो न उघडताच ओळखला. त्यात मुदत नव्हती.

“तुझ्या शंभर टक्क्यांवरच दिल्लीहून सही होऊन आलाय. शेवटचा एक रकाना राहिलाय, वैद्यकीय पात्रता. नावाला असतो. ये, हात दे.”

भालचंद्र दिमाखात खुर्चीवर बसला. भोवती सगळं गाव. डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, कानाला नळ्या लावल्या. पारा वर गेला आणि खाली यायला लागला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, मग तिसऱ्यांदा, आणि तो आकडा भालचंद्रच्या पुढ्यात लिहिला. ते बिचारे काही बोलणारही नव्हते. पण भालचंद्रने आकडा पाहिला, आणि घशातली खोड कुठे जाणार?

“भालचंद्र देऊळगावकर… एकशे अठ्ठ्याहत्तर!”

हलगीवाला थांबला. बैलसुद्धा थांबल्यासारखे वाटले. मग नंदाबाई पुढे झाल्या, चावडीशेजारच्या खोलीत गेल्या, आणि एकेक बरणी बाहेर आणून ओळीने मांडू लागल्या. अकराच्या अकरा. नऊ रिकाम्या होत्या.

“अरे देवा,” डॉक्टर म्हणाले आणि लिफाफा परत खिशात गेला. “दिवाळीला पुन्हा बघू.”

“त्याची तुमी फिकीर करू नका, डाक्टर,” भुजंगराव छाती काढून म्हणाले. “अख्खं गाव उतरवलं आमी. हे तर एकलेच हायेत.”

“सकाळचं मी फिरवून आनतो,” मच्छिंद्रराव म्हणाले.

“अन् संध्याकाळचं मी.”

पोळ्याच्या त्या जेवणात दोन पाटलांच्या मधे बसवून भालचंद्रला कटाची आमटी वाढली गेली ती अळणी. रात्र व्हायच्या आत त्याने शरयूला कार्ड लिहिलं:

“कायमचा हुकूम निघाला आहे, मी डोळ्यांनी पाहिला. सध्या तो डॉक्टरांच्या खिशात आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. इथले लोक माझी फार काळजी घेतात. दिवाळीला येताना काहीही आण, पण लोणचं आणू नकोस. वेशीवर झडती होते.”